बारोत अडकलेल्या शिव्या

बोबो-जुलासो शहरातल्या सारफालाओ वस्तीत कोरोतिमी मिल्लोगोची टपरी शोधायला पत्ता लागत नाही. मोपेडवरून येताना जिथे उकळत्या चहाचा वास, सोल्डरिंगचा जळका वास आणि पास्काल तोएचा आवाज एकदमच येतो, तिथे ब्रेक दाबायचा. पास्काल मोपेड दुरुस्त करतो. त्याचं गॅरेज म्हणजे टपरीशेजारचं आंब्याचं झाड. त्याचं प्रत्येक वाक्य "मी काही बोलत नाही, पण" असं सुरू होतं आणि जेवायची वेळ झाली की संपतं.

कोरोतिमी त्याच्या अगदी उलट. ती फोन दुरुस्त करते, दातांत कायम स्क्रूड्रायव्हर धरलेला, त्यामुळे तिचं बोलणं म्हणजे नुसतं "हं". गिऱ्हाइकांना त्या "हं"चे अर्थ पाठ झालेत. छोटा "हं" म्हणजे संध्याकाळी या. लांबलेला "हं" म्हणजे पाण्यात पडला होता असं खोटं कशाला सांगता, भेंडीच्या रश्श्यात पडला होता, आत बी दिसतेय. आणि "हं" आलाच नाही, तर फोनच्या नावाने दोन अश्रू ढाळून घरी जायचं.

या अबोल बाईने वस्तीला बोलायची जागा करून दिली, ही गंमतच. जागेचं नाव बारो. ज्युला भाषेत बारो म्हणजे गप्पा.

झालं असं, की मागच्या गल्लीत ओदील सानूचं विणकामाचं अंगण आहे. एका रांगेत माग, मागांवर बायका, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या सुती कापडाचे ढीग. कापडाचे फोटो गिऱ्हाइकांना दाखवायचे, कुठल्या रंगाचं सूत संपलं ते एकमेकींना कळवायचं, सगळं फोनवर. पण महिना अर्धा सरला की एकेकीचा नेटपॅक संपायचा, आणि बाहेरचं नेटच गेलं की सगळ्या एकदम मुक्या. मग हातातला धोटा टाकून कुणीतरी गल्लीभर ओरडत फिरायचं, "निळं सूत कुणाकडे आहे गं?"

कोरोतिमीला एक प्रोग्राम सापडला. गप्पांचाच, पण लिहिणाऱ्यांनी आतलं सगळं काम उघडं ठेवलेला: कुणीही फुकट घ्या, हवं ते बदला, आपल्या यंत्रावर चालवा. एक गिऱ्हाईक फुटक्या पडद्याचा लॅपटॉप टाकून कायमचं पसार झालं होतं. त्यात तिने तो प्रोग्राम बसवला. छपरावर अँटेना, सौर पॅनेल, खाली गाडीची जुनी बॅटरी. लॅपटॉपमध्ये पाली शिरू नयेत म्हणून तो मटण ठेवायच्या जाळीच्या कपाटात. आता वस्तीतल्या कुणीही फोनचा ब्राउझर उघडला की बारोचं पान हजर. काही उतरवून घ्यायला नको, पॅक नको, बाहेरचं नेट मेलं तरी चालतंय. पूर्वी निरोप समुद्रापारच्या कुठल्याशा यंत्राला वळसा घालून शेजारच्या अंगणात यायचा. आता आंब्याखालून निघतो आणि गल्ली ओलांडतो. बटणांवरची परकी भाषा काढून तिने ज्युला घातली, आणि "पाठवा" लिहायच्या जागी लिहिलं, "बोल की."

सुरू करण्याआधी ओदीलची परवानगी हवी होती, कारण बारोत लिहिणाऱ्या निम्म्या बायका तिच्या अंगणातल्या. ओदील सानू बोलते ती समोरचा माणूस नदीपलीकडे उभा असल्यासारखी.

"हे बघ पोरी, पेटी तुझी, पण अंगण माझं. शहरातल्या त्या गटांमध्ये लोक एकमेकांची आईबहीण काढतात म्हणे. माझ्या लेकीसुनांसमोर तसलं काही आलं, तर तुझी ती पेटी शेळीला घालीन."

"शेळी नाही खाणार, तांती." तांती म्हणजे मावशी.

"माझी खाते."

पास्कालने झाडाखालून भर घातली. "मी काही बोलत नाही, पण त्या शेळीने माझ्या मोपेडची सीट खाल्लीय."

कोरोतिमीने सेटिंग्ज चाळल्या, तर प्रोग्राममध्ये राखणदार होता. त्याला शब्द द्यायचे. तो शब्द असलेला निरोप तो अडवून बाजूला ठेवतो, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागू देत नाही. त्याला आपला निरोप गेलेलाच दिसतो. म्हणजे "माझं का अडवलं" म्हणून दुसरं भांडण नको. कोरोतिमी खूश झाली. चहाचा पेला घेऊन बसली आणि शिव्या टाइप करायला लागली. आठवायलाही लागलं नाही. दारुडी. गायचोर. शेणकुटी. चाकर. सुकट. वाळकी शेंग. लहानपणापासून कानात बसलेले शब्द, एकामागून एक बोटांतून उतरत गेले. हे शब्द आपण ऐकले कुठे, कुणाच्या तोंडून, हे मात्र तिच्या मनातही आलं नाही.

ऐकले होते ओदीलच्याच अंगणात, रोज सकाळी.

पेन्दा सांगारे दूध घालायला यायची. फुलानी बाई, काटकुळी, ताठ, डोक्यावर दुधाचा भोपळा, आणि प्रत्येक शब्द नाकातून खेचून लांबवायची सवय. फुलानी आणि बोबो या दोन जमाती थट्टेच्या सोयऱ्या. पणज्या-खापरपणज्यांपासून चालत आलेलं नातं. समोर आल्यावर एकमेकांचा उद्धार करायचा, आणि ज्याचा केला त्याने रागवायचं नाही. ओदील बोबो. त्यामुळे पेन्दा अंगणाच्या तोंडाशी आली की सुरू.

"उठलीस काऽ गं दारुडेऽ? की कालची ज्वारीची दारू अजून उतरायचीय?"

"आली, गायचोर आली. बायांनो, शेळ्या मोजून घ्या. काय गं सुकटे, आज दुधात किती पाणी?"

"तू माझी चाकर. चाकराला पाणीच देतात."

"मी चाकर? तुझ्या आजीला आमच्या आजोबांनी दोन भोपळ्यांना विकत घेतलं होतं. एक भोपळा अजून परत यायचाय."

हे दूध मापून होईपर्यंत चालायचं. ओदीलचा नवरा गेला तेव्हा मयताच्या घरी त्याच्या चालीची नक्कल करून, त्याची टोपी घालून, रडणाऱ्या ओदीलला हसवलं ते पेन्दानेच. ओदीलच्या मोठ्या दोन्ही मुलींच्या लग्नात नवरीच्या खोलीचं दार गाईच्या दोराने बांधलं तेही तिनेच. खंडणी घेतल्याशिवाय सोडलं नाही. तो थट्टेच्या सोयऱ्याचा हक्क. दार बांधायला कुणी आलं नाही, तर पोरगी चोरून काढून दिल्यासारखी वाटते.

मग पेन्दाचा गुडघा सुजला. दूध घेऊन सून यायला लागली, मुखदुर्बळ पोरगी, दूध ओतून पळायची. म्हणून बारो सुरू झाल्यावर सगळ्यांत आधी आत शिरल्या त्या या दोन म्हाताऱ्या. एका बोटाने, जीभ बाहेर काढून, टाइप करत.

त्या टाइप करत होत्या, आणि राखणदार एकेक निरोप उचलून बाजूला ठेवत होता. कारण या दोघींचा शिवी नसलेला निरोप अस्तित्वातच नव्हता. दूध आंबट झालं हे कळवायचं तरी सुरुवात गायचोरपासून.

ओदीलला वाटलं, मी इतकं लिहिते आणि ही एका शब्दाने उत्तर देत नाही. पेन्दाला वाटलं, मी गुडघा धरून इतकं लिहिते आणि ही गप्प. थट्टेला उत्तर न देणं म्हणजे नातं नको म्हणणं. शेवटी पेन्दाने असं काही लिहिलं, की ते राखणदाराने सलाम ठोकून सोडलं.

"आदरणीय सानू बाई, आपल्या घरी सर्व कुशल असावे. दूध दुसरीकडून घेतलेत तरी आमची हरकत नाही. देव आपल्याला दीर्घायुष्य देवो."

ओदीलने ते वाचलं. हातातला धोटा खाली ठेवला. मग तिने लिहिलं, "आदरणीय सांगारे बाई, आपले आभार. आपल्या गुराढोरांना आरोग्य लाभो."

हेही गेलं.

टपरीत कोरोतिमी बारोचं पान बघत होती. किती सभ्य झाली वस्ती, म्हणून तिने स्क्रूड्रायव्हर दातांतून काढला आणि पास्कालला कौतुकाने दाखवलं.

पास्कालने वाचलं. "मी काही बोलत नाही, पण कोण मेलंय?"

"कुणी नाही."

"मग असं का बोलताहेत?"

तिने ते मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी कापड घ्यायला अंगणात गेली तेव्हा मात्र चरकली. ओदीलच्या धाकट्या मुलीच्या, ब्लांदीनच्या लग्नाची तयारी चालली होती, येत्या शनिवारचा बार. कोरोतिमीने सहज विचारलं, "तांती, पेन्दा म्हातारी दोर घेऊन येणार ना? गुडघ्याचं काय?"

"त्यांना कशाला त्रास," ओदील म्हणाली. हळू आवाजात. नदीअलीकडून. "मोठ्या आहेत त्या. त्यांना त्यांचे व्याप."

त्यांना. त्या. मागावर बसलेल्या ब्लांदीनने मान वर केली नाही, पण धागा तुटला होता आणि ती तुटलेल्या धाग्यावरच विणत होती.

काय बिनसलं ते कळलं हम्मा बारीमुळे. हा मेंढ्यांचा दलाल, फुलानी, म्हणजे बोबो कोरोतिमीचाही थट्टेचा सोयरा. त्याचा फोन कधीचा दुरुस्त होऊन पडला होता, आणि तो येतच नव्हता. आला तो तोंड पाडून.

"माझा फोन विकून खाल्लास ना? बोबोंना पचतं सगळं."

"विकत कोण घेईल तो? बायकोच्या फोनवर बारोत किती वेळा कळवलं तुला."

"मला? अक्षर नाही आलं."

कोरोतिमीने आपला फोन पुढे केला. तिथे तिचा निरोप होता: गायचोरा, फोन तयार आहे, मेंढी विकून पैसे आण. हम्माने बायकोचा फोन पुढे केला. तिथे काहीच नव्हतं. कोरोतिमी एकदा या पडद्याकडे बघत राहिली, एकदा त्या. "गायचोरा" या शब्दाकडे बघितलं, आणि खाली स्टुलावर बसली. तिथे चहाची किटली होती. उठली, किटली काढली, पुन्हा बसली.

राखणदाराचं कोठार उघडलं तर वस्तीची सगळी माया तिथे कोंबून भरलेली. लोहार आणि फुलानी यांची, पास्कालची आणि त्याच्या मोसी जमातीच्या गिऱ्हाइकांची, भावजयींची, साडूंची. खरं भांडण एकही नव्हतं. खरं भांडायचं तेव्हा सारफालाओत माणूस "आदरणीय" म्हणून सुरू करतो. आणि तसले निरोप सगळे बिनबोभाट पोचले होते. तिने मायेला कुलूप घातलं होतं आणि रागाला दार उघडं ठेवलं होतं. आणि हे कुणी केलं, तर जिने सकाळीच पाववाल्या फुलान्याला शेणकुट्या म्हणून पाव घेतला होता, तिने.

तिने राखणदार काढून टाकला आणि अडकलेलं सगळं एका बटणाने सोडलं. वस्तीतले फोन असे वाजायला लागले, जणू सगळ्यांच्या घरी एकदम पोर झालंय. आंब्याखाली पास्काल फोन धरून हसत हसत मोपेडवर आडवा झाला. "मी काही बोलत नाही, पण तो मोसी मला गाढवाच्या डोक्याचा म्हणालाय. मागच्या सोमवारीच म्हणालाय. आणि हा बोलत नाही म्हणून मी त्याला चांगलं ब्रेक ऑइल नाही दिलं."

पण ओदीलचा फोन पत्र्याच्या ट्रंकेत बंद होता आणि पेन्दाने बारो उघडणं सोडलं होतं. कोरोतिमी धावत अंगणात गेली, सगळं सांगितलं, कान धरले.

ओदीलने ऐकून घेतलं. "पेटीने अडवलं म्हणतेस. असेल. पण रोज सून येते ना दूध घेऊन? तिच्या तोंडी एक शिवी नाही पाठवता आली? एवढीही किंमत नाही माझी?"

"तांती, तू चालत जाऊन..."

"मी का जाऊ? दीर्घायुष्य चिंतलंय त्यांनी मला. ते भोगते."

गुरुवार होता. कोरोतिमीने टपरी बंद केली आणि पेन्दाच्या घरी गेली.

पेन्दा ओसरीवर पाय पसरून बसली होती. कोरोतिमी उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय गं म्हातारे गायचोर, कुणाची गाय पचवतेयस?"

"ये बाळ. बस. पाणी घे. घरी सगळे बरे?"

पेन्दाच्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा तिने काठी फेकून मारली असती तर बरं. कोरोतिमी बसली, फोन काढला, आणि ओदीलचे निरोप ओदीलच्याच आवाजात वाचायला लागली, नदीपलीकडे ऐकू जाईल असे. शेजारच्या कोंबड्या पळाल्या.

"'ए सुकटे, दूध आंबट होतं, तुझ्या तोंडासारखं.'"

"पाणी गार आहे ना, बाळ?"

"'ए वाळक्या शेंगे, तुझ्या आजीचा दुसरा भोपळा सापडला का?'"

"ऊन फार आहे हल्ली."

"'चाकर, गुडघा कसा आहे? सुजला म्हणे. बरं झालं, अंगावर कुठेतरी मांस दिसेल.'"

पेन्दाने गुडघ्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. शेवटचा निरोप राहिला होता, "आदरणीय" सुरू व्हायच्या आधीचा.

"'गायचोर, जिवंत आहेस का? का बोलत नाहीस? मेली असशील तर तसं कळव. तुझ्या मयताला मी नाचणार आहे, तेवढ्यासाठी नवं लुगडं विणायला घेतलंय. पांढरं, निळ्या पट्ट्यांचं. आणि उरलेल्या सुताचं तुलाही. जाताना नीट दिसायला हवीस.'"

पेन्दाने फोन तिच्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"निळ्या पट्ट्यांचं," पेन्दा म्हणाली.

"हं."

"मला निळा रंग शोभतोऽ?"

"हं?"

"आयुष्यात कधी निळं नेसले नाही मी. त्या दारुडीला ठाऊक आहेऽ. मुद्दाम. मेल्यावर मला भुतासारखी दिसायला लावायची आहे तिला." आवाज नाकात चढला होता, आणि डोळे पदराने पुसले जात होते. "सून कुठेय? तो दोर काढ म्हणावं गोठ्यातला."

कोरोतिमी म्हणाली, "आता तुझे निरोप तिला कोण वाचून दाखवणार?"

"तू दाखव."

"मी? ती माझ्याच माणसांतली वडीलधारी. मी तिला दारुडी म्हटलं तर ती माझं थोबाड फोडेल, आणि बरोबर फोडेल."

"मग मलाच यावं लागणारऽ. मोपेड बघ कुणाची."

शनिवारी सकाळी पास्काल पेन्दाला मागे बसवून निघाला. गुडघा आडवा धरायला लागत होता, त्यामुळे गल्लीतून जाताना लोक भिंतीला चिकटत होते, आणि पास्काल वाटभर काही बोलत नव्हता, पण. 

अंगणात मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. ओदील नवं लुगडं नेसून उभी होती, पांढरं, निळ्या पट्ट्यांचं. पेन्दाला बघून तिचा चेहरा हलला, मग तिने तो जागेवर आणला.

"या सांगारे बाई. खुर्ची आणा गं त्यांना. पाणी आणा."

पातेल्यांतले झारे थांबले. इथे कोरोतिमीचा शब्द चालणार नव्हता.

पेन्दाने खुर्ची घेतली नाही. लंगडत सरळ नवरीच्या खोलीपाशी गेली, दाराच्या कडीला दोर बांधला, दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं, आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. मग मान वर करून ओदीलकडे बघितलं.

"दारुडे," ती म्हणाली.

कमरेच्या दोराची गाठ तिने आणखी आवळली.

"इतके दिवस तुला शिव्या घालतेय मी. आणि पेटी आडवी आली म्हणे. खरं सांग, उत्तर सुचत नव्हतं नाऽ?"

ओदीलने श्वास घेतला. तो भरायला वेळ लागला.

"मला?" आता नदीपलीकडचीच काय, त्यापुढच्या गावातली माणसंही उठली असतील. "मला उत्तर सुचत नव्हतं? अगं गायचोर, अगं शेणकुटे, इतकी उत्तरं साठलीत की रात्री कूस बदलता येत नाही, टोचतात. ऊठ माझ्या दारातून. दार आहे ते, गाय नाही बांधायला."

"एक बोकड दिल्याशिवाय उठणार नाही."

"बोकड? तुला बोकडाचा दोर देईन. दोर तर तूच घेऊन आलीस, त्यामुळे तोही नाही. आणि तो गुडघा कुणाचा उसना आणलास? बरा दिसतोय तुझ्यापेक्षा."

"बोकड. आणि माझं लुगडं बदलून हवंय. निळं नको."

"निळंच मिळेल. निम्मं विणून झालंय."

"उसवऽ."

झारे पुन्हा फिरायला लागले. कुणीतरी हसता हसता भातात जास्तीचं मीठ टाकलं. आतून ब्लांदीनने दारावर टकटक केली. "आई, फादर चर्चमध्ये वाट बघताहेत. माझं लग्न आज आहे ना?"

"गप बस गं," दोघी एकदम म्हणाल्या. "मोठी माणसं बोलताहेत."

"आणि हे बघ," पेन्दाने ओदीलचा पदर धरून तिला खाली ओढलं, "ते अडकलेलं सगळं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. अगदी पहिल्यापासून. ही पोरगी वाचत होती, त्यात मीठ नव्हतं."

कोरोतिमीच्या तोंडून छोटासा "हं" निघाला.

ओदील नव्या लुगड्यानिशी मातीत, तिच्याशेजारी बसली. कुणीतरी चहाची किटली शेगडीवर चढवली. "तर," ओदील म्हणाली, "दूध आंबट होतं. तिथून."

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ब्लांदीनही बसली.